कळण्याची भाकर फुगली (सहावा महिना)

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की भाकर थापताना कडेला चिरते आणि तव्यावर टाकताना हातातच मोडते. गेल्या मंगळवारी ती पहिल्यांदा टम्म फुगली, आणि तीही कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. आईनं पापुद्रा सोडवून पाहिला, त्यावर तेल आणि तिखट घातलं आणि उभ्या उभ्याच अर्धी संपवली. त्या अर्ध्या भाकरीसाठी सहा महिने लागले, पण लागले ते बरं झालं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही अमळनेरला पाच माणसं. दूध-भाजी सोडून किराण्याला महिन्याचे सहा हजार. बायकोला सकाळची नोकरी लागली, आईला फार वेळ उभं राहवत नाही, आणि दोन महिने डबा लावल्यावर हिशेब पार कोलमडला. तेव्हा मी ओट्याशी उभा राहिलो. त्याआधी चहापलीकडे काही येत नव्हतं.

भाकरीचं दुखणं माझ्या हातात होतं त्याहून जास्त पिठात होतं, हे कळायला वेळ लागला. मी दुकानातून तयार पीठ आणायचो. ते किती दिवसांचं आहे कोण जाणे! पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटून राहण्याचा गुण, जाते, मग कितीही मळा, भाकर तुटणारच. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन (पिठाला ताण देणारं प्रथिन) नसतं, त्यामुळे ती नुसती मळून ताणली जात नाही. उकळीचं पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुगतो, चिकटपणा येतो, आणि तेवढ्याच बळावर भाकर उभी राहते. आता दादर (आमच्याकडची रब्बी ज्वारी) आणतो, निवडतो आणि दहा दिवसांपुरतीच दळून घेतो. दळणाचे पैसे धरूनही पिशवीतल्या पिठापेक्षा स्वस्त पडतं.

कळण्याचं आमच्या घरचं माप असं: चार किलो दादर, एक किलो सालासकट अख्खे उडीद, मूठभर खडेमीठ, सगळं एकत्र दळायचं. उडदाचा चिकटपणा पिठाला धरून ठेवतो. म्हणून शिकणाऱ्याला मी तर म्हणेन, आधी कळण्याचीच भाकर करा, साध्या ज्वारीची नंतर. शिवाय ज्वारीत लायसिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी आणि उडदात भरपूर, त्यामुळे ज्या दिवशी कळणा असतो त्या दिवशी वेगळी डाळ शिजवली नाही तरी माझ्या मनाला रुखरुख लागत नाही. ठेचा, कांदा आणि तेल असलं की जेवण होतं.

पाण्याचा हात फिरवण्याचं तंत्र मात्र डोळ्यांनीच शिकावं लागलं. भाकर तव्यावर पडली की वरून पाणी सारखं पसरायचं. ते पूर्ण सुकू दिलं तर भेगा पडतात, फार लवकर उलटलं तर तव्याला चिकटते. चकाकी गेली पण ओल आहे, तो क्षण पकडायचा. मी दर दोन सेकंदांनी उलथनं घालून बघायचो. आई दारात बसून म्हणाली, “घाई नको करू, भाकरच तुले सांगी.” खरंच सांगते. कडा जरा तव्यापासून सुटतात आणि वास बदलतो.

या महिन्यात दुसरं जमलं ते फुणके. पाव किलो तूरडाळ चार तास भिजवली, हिरवी मिरची, लसूण, जिरं आणि मीठ घालून वाटली, मुटके वळून वाफवले. पहिल्या वेळी मी डाळ गंधासारखी बारीक वाटली होती. फुणके दगडासारखे घट्ट झाले आणि धाकटीनं ताट सरकवलं. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या वेळी पाणी न घालता भरड ठेवली आणि हलके झाले. सोबत अर्धा लिटर ताकाची कढी. तिला बेसन लावल्याशिवाय उकळी द्यायची नाही, नाहीतर ताक फाटतं. पाव किलो डाळीत पाच जण पोटभर जेवले, हे मला अजून नवल वाटतं.

काळा मसाला अजून हातात नाही. खोबरं आणि कांदा नीट भाजला गेला, धने मात्र करपले, आणि अख्ख्या बरणीला कडवट झाक आली. टाकवत नाही, म्हणून वांग्याच्या घोटलेल्या भाजीत थोडा थोडा संपवतोय. पुढच्या वेळी धने वेगळे, मंद आचेवर आणि सगळ्यात शेवटी. शेवभाजी त्या मसाल्याशिवाय करणार नाही असं ठरवलंय.

खापरावरच्या (उलट्या मातीच्या भांड्यावर भाजायच्या) मांड्यांबद्दल दोघांनी विचारलं होतं. त्याला अजून हात लावलेला नाही. पुरण भरलेली पोळी हातावर झेलत पसरवणं मी नुसतं बघत बसतो.

आता रब्बीची दादर निघतेय. भिशीचे पैसे या महिन्यात आमच्या वाट्याला आलेत, त्यातून शेतकऱ्याकडूनच एक क्विंटल घ्यायची, दोन दिवस कडक उन्हात वाळवायची आणि कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायची. रविवारी गच्ची झाडून घेतली आहे.