रात्री सायकल कुठे ठेवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कोकणातून सायकलवर फिरून आले की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, 'बसायला दुखत नाही का?' त्याचं उत्तर एका शब्दात होतं. दुसरा, 'तंबूत झोपता तेव्हा सायकल कुठे ठेवता? कोणी नेत नाही?' याचं उत्तर लांबतं, आणि लिफ्टपाशी उभं राहून देताना निम्म्यातच कोणाचा तरी कुकर गॅसवर असल्याचं आठवतं. म्हणून एकदा लिहूनच काढते. 'बाईमाणूस एकटी, तुम्हाला भीती नाही वाटत?' हे त्यामानाने कमी जण विचारतात. लोकांना सायकलीची काळजी जास्त आहे, हे मी आता मनावर घेत नाही.

माझ्या ओळखीत ज्यांच्या चांगल्या सायकली गेल्या, त्या बहुतेक प्रवासात नाही, राहत्या सोसायटीच्या पार्किंगमधून गेल्या. आपली सायकल तिथे रोज त्याच खांबाला, त्याच कुलपात असते. आठवडाभर हलली नाही, सीटवर धूळ बसली, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत असतं. कधी यायचं, कोणतं हत्यार आणायचं, हे ठरवायला चोराला भरपूर वेळ मिळतो. प्रवासात तसं नसतं. मी आज दिवेआगरला असते, उद्या केळशीला. पाळत ठेवायला कोणाला फुरसतच नाही. मग उरते ती फक्त संधी, पाच-दहा मिनिटांची. ती कुठे मिळते ते ओळखलं की निम्मं काम झालं.

ती रात्री फारशी मिळत नाही, दिवसा मिळते. एसटी स्टँडवरचं स्वच्छतागृह, बाजारपेठेतलं एटीएम, जेट्टीवरची तिकिटाची खिडकी, जिथे माणसं सतत बदलतात आणि कोण कोणाचं हे कोणालाच माहीत नसतं, तिथे माझा जीव टांगणीला लागतो. तिथेही अख्खी सायकल सहसा जात नाही. पंप जातो, मागचा लाल दिवा जातो, पाण्याची बाटली जाते. माझा एक पंप तालुक्याच्या एका स्टँडवर असाच गेला. नेणाऱ्याला तो कशाच्या उपयोगाचा होता देव जाणे, त्याची पिन आपल्याकडच्या साध्या सायकलला बसतसुद्धा नाही. तेव्हापासून हाताने निघणारी प्रत्येक वस्तू एकाच छोट्या पिशवीत जाते आणि सायकलवरून उतरले की ती पिशवी माझ्या खांद्यावर येते. चहा प्यायचा तो सायकलकडे तोंड करून. टपरीवाल्याला आधी चहा सांगायचा, मग 'दादा, जरा नजर असू द्या' म्हणायचं. हा क्रम उलटा करू नका. गिऱ्हाइकाच्या सायकलीकडे तो जसा बघतो तसा वाटसरूच्या सायकलीकडे बघत नाही.

आता कुलपाचं. नेटवर वाचाल तर जाड पोलादाचं यू-लॉक, म्हणजे इंग्रजी U आकाराचं कडक कुलूप, घ्या म्हणून सांगतात. सल्ला चुकीचा नाही, पण तो लंडन-ॲमस्टरडॅममधल्या अट्टल चोरांना समोर ठेवून दिलेला असतो. चांगलं यू-लॉक दीड किलोपर्यंत जातं. तेवढ्या वजनात एकट्याचा तंबू येतो, आणि दाभोळच्या खाडीकडे उतरून पलीकडे धोपाव्याचा चढ चढताना तो फरक मांड्यांना कळतो. उलट तारेचं बारीक कुलूप हलकं असतं, पण तार कापायच्या पकडीपुढे ते काही सेकंदही टिकत नाही. कुठलंही कुलूप चोरी थांबवत नाही, ते फक्त वेळ मिळवून देतं. किती वेळ हवाय त्यावर कुलूप ठरवा. शहरात सायकल नजरेआड ठेवायची असेल तर यू-लॉक हवंच. वाडीत तंबूपासून दोन हातांवर असेल तर तारही पुरते, कारण तिथे मला जाग येण्याएवढाच वेळ हवा असतो.

मी प्रवासात दोन हलकी कुलपं नेते. एक लांब तार, झाडाभोवती फिरेल अशी. दुसरं जुन्या काळ्या सायकलींना मागच्या चाकाला असायचं तसलं गोल कुलूप. ते लावलं की सायकल उचलून नेता येते, पण चालवत नेता येत नाही. सामानासकट सायकल उचलून पाहा एकदा, म्हणजे ते किती कामाचं आहे कळेल. शहरासाठी यू-लॉक घेतलंत तर शेल्डन ब्राउन या अमेरिकन मेकॅनिकने सांगितलेली पद्धत वापरा. कुलूप फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून (सीट, पॅडल आणि मागच्या चाकाचा आस यांच्यामधला) आणि मागच्या चाकाच्या रिममधून घालून खांबाला अडकवायचं. फ्रेमच्या नळीला वेगळं अडकवायची गरज नाही, कारण रिम त्या त्रिकोणातून बाहेर पडूच शकत नाही. मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही एका छोट्या कुलपात बसतात. कुलपाच्या आत मोकळी जागा जितकी कमी तितकं बरं, पहार घालायला फट राहत नाही. आणि ते जमिनीला टेकू देऊ नका, नाहीतर हातोडा मारणाऱ्याला आयती ऐरण मिळते. पुढचं चाक खटक्याने निघणारं असेल तर त्याऐवजी ॲलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, निघणारा आस बसवून घ्या, मिस्त्री लगेच बसवून देतो.

कोकणात कुलपाचा खरा वैरी चोर नाही, खारी हवा आहे. काशीदच्या किंवा गुहागरच्या किनाऱ्याला दोन रात्री काढल्या की कुलपाच्या तोंडात मीठ आणि वाळू. आकड्यांची कुलपं तर सरळ अडकून बसतात, आणि मग आपलीच सायकल आपल्याला फोडायला लागते, भर रस्त्यात, बघ्यांच्या समोर. किल्लीचं कुलूप घ्या, त्याचं भोक खाली तोंड करून ठेवा, चेनला तेल घालाल तेव्हा एक थेंब कुलपालाही. एक किल्ली गळ्यात, दुसरी सुई-दोऱ्याच्या डबीत. वाळूत पडलेली किल्ली शोधणं हा प्रकार करून पाहू नका.

तर, रात्र. परदेशी सायकलवाल्यांचं एक लाडकं तत्त्व आहे: अंधार पडेपर्यंत थांबा, कोणाला न दिसता झाडीत शिरा, पहाटे निघून जा. जिथे मैलोन् मैल माणूस नाही तिथे ठीक. रेवस ते रेडी या सागरी रस्त्यावर असं लपणं म्हणजे संकट ओढवून घेणं. इथे ओसाड दिसणारी जागाही कोणाची तरी असते. मालक मुंबईला असतो, पण शेजारच्याचं लक्ष असतं. सुरूच्या बनात बॅटरी हललेली गावाला दिसते, आणि लपलेल्या माणसाबद्दल गाव चांगला विचार करत नाही. तुम्ही लपलात की तुमच्यावर नजर ठेवणारं कोणी राहत नाही, फक्त संशय घेणारे राहतात. मी बरोबर उलटं करते. सूर्य मावळायच्या तासभर आधी गावात शिरते, दुकानात बिस्किटाचा पुडा घेते आणि विचारते, 'तंबू कुठे टाकू?' सरपंच किंवा पोलीस पाटील यांचं घर विचारून घेते. पंधरा मिनिटांत साऱ्या वाडीला ठाऊक होतं की पुण्याची एक बाई सायकलवरून आलीय आणि अमक्यांच्या अंगणात उतरलीय. त्यानंतर माझ्या सायकलला हात लावणं म्हणजे त्या घराच्या पाहुणीला हात लावणं.

जागा मागताना नेमकं मागावं. 'राहायला जागा आहे का?' म्हटलं की लोक बिचकतात, जेवणखाण, अंथरुण, सगळं डोळ्यांपुढे येतं. 'अंगणात तंबू लावू का, आणि सायकल पडवीत ठेवू का?' म्हटलं की नकार क्वचित मिळतो. बहुतेकदा पुढचं वाक्य 'तंबू कशाला, ओटीवर झोपा की' असंच असतं. देवळाचा सभामंडप मिळतो, सुट्टीच्या दिवसांत शाळेचा व्हरांडा मिळतो, पण शाळेसाठी गुरुजींची परवानगी हवी, चौकीदाराची पुरत नाही. मालवणकडच्या एका आजींनी खळ्याच्या कडेला, माडाखाली, सायकलची जागा दाखवली आणि म्हणाल्या, "कोण हात लावूचो नाय. राखणदार आसा." राखणदार म्हणजे जागा राखणारी तिथली अदृश्य शक्ती. मी राखणदाराला हात जोडले आणि कुलूपही लावलं. आजींना त्यात काही वावगं वाटलं नाही.

अगदीच मोकळ्यावर तंबू असेल तर माझी मांडणी ठरलेली आहे. सायकल तंबूच्या दाराशी आडवी, चेनची बाजू वर, म्हणजे डिरेलर, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, वाळूत जात नाही. तार फ्रेम आणि मागच्या चाकातून झाडाला. पुढच्या चाकापासून तंबूच्या दांड्यापर्यंत पातळ दोरी, तिला स्टीलचा पेला आणि चमचा. गिअर सगळ्यात जड करून ठेवायचा, वाळूतून अनोळखी माणसाला त्या गिअरवर दहा फूटही जाता येत नाही. गाव मोठं असेल, किनाऱ्यावर रात्री वर्दळ असेल तर पुढचं चाक काढून तंबूत. पिशव्या कायम तंबूत, डोक्याशी. या पेला-चमच्याने मला अनेकदा उठवलंय आणि प्रत्येक वेळी बाहेर कुत्रा होता. एकदा त्याने माझी उजवी चप्पल नेली. आजवर तंबूपाशी रात्री माझं जे गेलंय ते एवढंच.

चोरीपेक्षा जास्त नुकसान कुतूहलाने होतं, हे कोणी सांगत नाही. सकाळी पोरं जमतात. सायकल उभी असताना गिअरचा खटका दहा वेळा दाबला जातो, आणि तुम्ही निघालात की पहिल्याच चढावर चेन उतरते. ओरडून उपयोग नाही. मी त्यांच्यातल्या सगळ्यात वांड मुलाला बोलावते, चाक उचलून पॅडल फिरवायला देते, गिअर कसा बदलतो ते दाखवते आणि त्यालाच राखणीला बसवते. नंतर तो दुसऱ्या कोणाला बोट लावू देत नाही.

मोठ्यांचं कुतूहल वेगळं. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला 'केवढ्याची?' हे येतंच. खरा आकडा सांगावा का? माझं मत, सांगू नये. समोरचा चोर असतो म्हणून नाही. तो आकडा संध्याकाळपर्यंत गावभर होतो, वाटेत वाढतो, आणि कोणाच्या कानापर्यंत जाईल ते आपल्या हातात नसतं. पण साफ खोटंही माझ्याने बोलवत नाही. मी म्हणते, 'जुनी आहे हो, बरीच वर्षं झाली', आणि विषय त्यांच्या आंब्याच्या मोहोरावर नेते. सायकलवरची कंपनीची ठळक नावं मी चिकटपट्टीने झाकली आहेत. दिसायला वाईट दिसते. तेच हवंय.

लॉजवर उतरलात तर खोली बघायच्या आधी सायकलचं बोला. तळमजल्याची खोली मागा. मालकाचा विरोध सायकलला नसतो, फरशीवरच्या चिखलाला असतो. त्याच्या देखत फडक्याने टायर पुसा आणि खाली वर्तमानपत्र घाला, बहुतेक जण ऐकतात. तेरेखोल ओलांडून गोव्यात केरीला उतरलात की मात्र वाडीचा हिशोब विसरा. पर्यटकांच्या किनाऱ्यावर सगळेच परके, तिथे खोलीत सायकल नाहीतर मुक्काम नाही.

परतीचा प्रवास कोकण रेल्वेने, आणि पूर्ण दौऱ्यात सायकल सगळ्यात जास्त वेळ नजरेआड असते ती इथे. लगेज डब्यात चढवताना मागच्या चाकाला कुलूप लावू नका. हमाल ती फरफटत नेतात आणि चाक वाकतं. दिवे, पंप, पिशव्या काढून घ्या, पॅडल काढा, आणि नाव, फोन, गाडी, कुठून-कुठे हे पुठ्ठ्यावर लिहून फ्रेमला दोन ठिकाणी बांधा. आपण त्याच गाडीत असावं आणि लगेजचा डबा पुढे आहे की मागे ते आधी विचारून घ्यावं. छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात उतरवणं जमत नाही. म्हणून चढणं-उतरणं मोठ्या स्टेशनवर. एअरटॅगसारखं यंत्र सीटखाली लपवायचं असेल तर त्याचा उपयोग इथे आहे. ते जवळून जाणाऱ्या आयफोनांच्या भरवशावर ठिकाण कळवतं. पनवेलच्या फलाटावर ते चालेल, हेदवीच्या घाटीत त्याला विचारणारं कोणी नाही.

आणि एखादी वस्तू गेलीच तर? सामानाची चोरी लक्षात येईपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असता. हरिहरेश्वरला पिशवी उघडी आहे हे दिसलं नाही, बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडून वेसवीला उतरलात आणि मग कळलं, तर जिल्हा बदललेला असतो, रायगडचा रत्नागिरी झालेला असतो. तरी मागे जायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात खबर देता येते. 'आमच्या हद्दीत नाही' म्हणाले तर कलमाचा आकडा शांतपणे सांगा. सायकलच गेली असेल तर सोबत तिचं बिल, आणि पॅडलच्या आसाखाली फ्रेमवर ठोकलेल्या नंबराचा फोटो हवा. बिलाला आणखी एक महत्त्व आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण वस्तू ५००० रुपयांच्या आतली असली, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला आणि वस्तू किंवा तिची किंमत त्याने परत केली, तर शिक्षा समाजसेवेची होते. गावात किंमत सांगू नका म्हटलं ते ठाण्यात लागू नाही. तिथे पै-पैसा सांगा.

नंबराचा फोटो आजच काढा. सायकल उलटी करावी लागते, आणि तिथला चिखल खरवडल्याशिवाय आकडे दिसत नाहीत.