तुम्ही विचारलंत म्हणून : इअरफोन, आणि त्यातला तानपुरा

"ताई, गाणं ऐकायला चांगला इअरफोन कुठला? आठ-दहा हजारांपर्यंत चालेल." महिन्यातून दोनदा तरी मला हा प्रश्न येतो. क्लासला येणारी मुलं विचारतात, त्यांच्या आया विचारतात. परवा तर आमच्या इमारतीतल्या आजोबांनी जिन्यात थांबवून विचारलं. मी गाणं शिकवते, यंत्रांचं शिक्षण माझं नाही. पण गेल्या सात-आठ वर्षांत पुष्कळ इअरफोन कानात घालून बघितले, काही विकत घेतले, काही विद्यार्थ्यांचे मागून आणले. त्यातून एक मत पक्कं झालं. जो आवाज तुम्ही समोर बसून, हातभर अंतरावरून, वर्षानुवर्षं ऐकला आहे, त्याच आवाजावर इअरफोन पारखायचा. माझ्यापुरता तो आवाज तानपुऱ्याचा.

माझा तानपुरा मिरजेचा. काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावला की त्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, साधारण १०४ हर्ट्झला (सेकंदाला १०४ कंपनांवर) वाजतो. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याचा खर्ज त्याहूनही खाली, ६९ हर्ट्झच्या आसपास. पण तानपुरा म्हणजे नुसते हे आकडे नाहीत. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेची ती झिणझिणती गुंज, नेमकी लागली की त्या एका तारेतून स्वरांची आख्खी शिडी उभी राहते. खर्जाच्या पाचपट कंपनांवर गंधार बोलतो. तो कुणी छेडलेला नसतो, म्हणून तर त्याला स्वयंभू म्हणतात. त्याच्याही वर, दोन-तीन हजार हर्ट्झपासून पुढे, जवारीची ती झिणझिण पसरलेली असते. खर्ज, गंधार आणि झिणझिण ही तिन्ही एकमेकांना न दाबता ऐकू आली, तर इअरफोन चांगला. माझी पहिली आणि सगळ्यात मोठी परीक्षा हीच.

या परीक्षेत नापास होणारा इअरफोन मी स्वतः विकत घेतलाय. तेव्हा साडेचार हजार मोजले होते. दुकानात एक सिनेमाचं गाणं लावून दाखवलं, ढोलकी छातीत वाजल्यासारखी वाटली आणि मी हरखून गेले. घरी येऊन तानपुरा लावला तर खर्जाचा नुसता फुगा. गंधार गायब. गाणाऱ्या बाईंचा आवाज भिंतीपलीकडून यावा तसा. कारण मागाहून कळलं. मोठा खालचा आवाज त्याच्या वरच्या नाजूक आवाजांना झाकून टाकतो, आपल्या कानाची घडणच तशी आहे. वरचा आवाज खालच्याला तितका झाकत नाही. त्यामुळे बेस, म्हणजे खालचा आवाज, भरमसाट वाढवला की बेस जास्त ऐकू येतो, आणि त्यासोबत मधलं सगळं कमी ऐकू येतं. ख्यालात जे काही घडतं ते बहुतेक मधेच घडतं.

आता कानात बसण्याबद्दल, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं. एका विद्यार्थिनीची आई चांगला साडेसात हजारांचा इअरफोन घेऊन आली. "अहो ताई, यात तबला टिनाच्या डब्यासारखा वाजतो. फसवलं आम्हाला." मी तिच्या कानाकडे बघितलं. इअरफोनच्या टोकाची रबरी टोपी कानाच्या तोंडाशी नुसती टेकली होती. डबीतली मोठी टोपी लावली, कान हलकेच वर-मागे ओढून आत बसवला, आणि तोच तबला पुन्हा लावला. तिचे डोळेच मोठे झाले. कानाची नळी टोपीने नीट बंद झाली नाही तर खालचे स्वर गळून जातात. मग इअरफोन दोन हजारांचा असो की वीस हजारांचा. दोन्ही कान सारखे असतातच असंही नाही. मला उजव्याला मधली टोपी लागते आणि डाव्याला मोठी. टोपी बसली की नाही हे बघायला डग्ग्याचा घुमारा असलेलं काहीतरी लावा आणि तोंड उघडून जबडा हलवा. घुमारा येत-जात राहिला तर माप चुकलंय. हे केल्याशिवाय कुठल्याही इअरफोनला बरावाईट म्हणू नका.

थोडे चिकित्सक विद्यार्थी मला आलेख दाखवतात. कुठला इअरफोन कुठल्या कंपनांवर किती जोरात वाजतो, त्याची रेघ. ती रेघ तीन हजार हर्ट्झपाशी डोंगरासारखी चढलेली दिसते आणि मुलं घाबरतात, "हा तर कर्कश असणार!" तसं नसतं. आपली कानाची नळी अडीच सेंटीमीटरच्या आसपास लांब असते आणि उघड्या कानात ती तीन हजार हर्ट्झच्या जवळपास स्वतःच घुमते. जन्मापासून आपण सगळं जग त्या घुमण्यासकट ऐकत आलो. इअरफोनने नळीचं तोंड बंद केलं की ते नैसर्गिक घुमणं बिघडतं, म्हणून इअरफोनलाच ते परत द्यावं लागतं. तो डोंगर नसेल तर गायिका स्टेजच्या मागे जाऊन उभी राहिल्यासारखी वाटते.

तो डोंगर किती उंच असावा, बेस किती असावा, यावर हार्मन या स्पीकर-हेडफोन बनवणाऱ्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० नंतरच्या दशकात पुष्कळ काम केलं. चांगल्या खोलीत ठेवलेले चांगले स्पीकर लोकांना जसे वाजलेले आवडतात, तिथून सुरुवात करून त्यांनी माणसांना बसवून, ऐकवून, पसंती नोंदवली. आज मधल्या किमतीचे बरेचसे इअरफोन त्या रेघेकडे बघत, कुणी थोडं वर कुणी थोडं खाली, जुळवलेले असतात. दहा वर्षांपूर्वीपेक्षा आज पाच हजारांत इतकं चांगलं मिळतं, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. कानात बसणाऱ्या इअरफोनसाठी त्यांनी काढलेल्या रेघेत बेस बराच भरलेला आहे. पॉपला तो शोभतो, तानपुऱ्याला मला जरा जड होतो. म्हणून आलेख मी चाळणीसारखा वापरते. ज्याच्यात दोनशे ते चारशे हर्ट्झचा भाग फुगलेला दिसतो तो मागवतच नाही. आठ हजार हर्ट्झच्या पुढच्या रेघेवर मात्र फारसा विश्वास ठेवू नका. तिथे मोजणाऱ्या यंत्राचा कृत्रिम कान स्वतःच घुमतो, आणि तुमच्या कानात इअरफोन किती खोल जातो त्यावर तिथलं सगळं बदलतं.

दोन इअरफोनांची तुलना करताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. जो मोठा वाजतो तो चांगला वाटतो. फरक इतका थोडा असतो की "मोठा आहे" हे लक्षातही येत नाही, "खुला आहे", "जिवंत आहे" असं वाटतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज लहान केला की खालचे स्वर आपल्याला जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. म्हणजे हळू वाजणाऱ्या इअरफोनवर अन्याय ठरलेलाच. यावर माझा उपाय साधा आहे. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावायचं, मधला षड्ज ऐकायचा, आणि दोन्ही इअरफोनांत तो षड्ज सारखाच भरेल अशी आवाजाची पातळी जुळवायची. पातळीची खूण लक्षात ठेवायची, मगच गाणं लावायचं. दुकानात हे करायला लाजू नका. पुण्यात तपकीर गल्लीत अशी उभी राहून मी पाऊण तास घालवलाय, दुकानदाराने शेवटी स्टूल आणून दिलं.

तानपुऱ्यानंतर आपली भाषा. मराठी गाण्यात हे फार सोपं जातं, कारण आपल्याकडे दोन च आहेत. 'चंद्र'मधला च आणि 'चांदणं'मधला च. दोन ज तसेच, 'जीव' आणि 'जाई'. स्पष्ट उच्चाराच्या गायिकेचं एखादं भावगीत लावा. हे दोन च वेगळे कळले पाहिजेत, आणि तरी 'स' आणि 'श' कानात सुईसारखे टोचता कामा नयेत. वरचे स्वर दबले असतील तर दोन्ही च एकसारखे बोथट होतात. पाच ते आठ हजार हर्ट्झमध्ये भलतं वाढवलेलं असेल तर प्रत्येक 'स'ला शिट्टी फुटते. मग डग्गा. मनगट घासून घेतलेली मींड खालपासून वरपर्यंत एकसंध सरकते का, की मधेच एक पायरी मोठी वाजते? एवढं झालं की माझ्या चाचण्या संपल्या.

आता नावं, कारण खरं तर तुम्हाला तीच हवी असतात.

फायनलचा ई३०००. जपानी कंपनी, इवलासा स्टीलचा, आत एकच ६.४ मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा इवला स्पीकर. आवाज ऊबदार, वरची बाजू मऊ. जवारीची शेवटची धार यात थोडी कमी होते, पण तासन्‌तास ऐकून कान थकत नाही. फोनवर आवाज जरा जास्त वाढवावा लागतो आणि वायर बदलता येत नाही, तुटली की संपलं. ट्रूथिअरचा हेक्झा त्याच्या अगदी उलट. एक डायनॅमिक (नेहमीच्या स्पीकरसारखा पडद्याचा) आणि तीन बॅलन्स्ड आर्मेचर (हलत्या पात्याचे, अगदी छोटे) ड्रायव्हर, आणि सगळं नेटकं. गंधार इतका स्वच्छ दिसतो की शिकणाऱ्यांना मी हाच आधी सुचवते. तबला मात्र यात अंमळ सडपातळ वाजतो, आणि त्याचं कानात जाणारं नळकांडं जाड असल्यामुळे लहान कानाच्या मुलींना दुखतो. सेनहायझरचा आयई २०० आकाराने इतका छोटा की घालून झोपता येईल. त्याच्या टोप्या नळीवर दोन ठिकाणी बसवता येतात, बाहेरच्या जागी बसवल्या की बेस कमी होतो. माझ्या कानाला त्याचा 'स' थोडा तीक्ष्ण लागतो.

आणि एटिमोटिक. या कंपनीचे मीड किलियन मुळात श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातले. त्यांचा ईआर-४ १९९१ मध्ये आला आणि कानात खोल बसणाऱ्या, प्रामाणिक वाजणाऱ्या इअरफोनांचा पाया त्याने घातला. त्याच घराण्यातला ईआर२एसई माझ्याकडे आहे. तीन चकत्यांची टोपी कानात खूप आत जाते. पहिले आठ दिवस नकोसं वाटतं आणि काहींना ते कधीच जमत नाही. पण एकदा बसला की लोकलचा खडखडाट जवळजवळ विरतो, आवाज लहान ठेवूनही सगळं ऐकू येतं, आणि तानपुरा तानपुऱ्यासारखा वाजतो. बेस घुमवून दिलेला नाही, आहे तेवढाच आहे. रूळ ओलांडताना, रस्त्यावर चालताना हा कानात ठेवायचा नाही. एवढी एक गोष्ट मी मुलांना दटावून सांगते. दुसरी आवाजाच्या पातळीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, लहानांना ७५. बाहेरचा गोंगाट अडवणारा इअरफोन हा हिशोब पाळायला मदत करतो.

बिनवायरीचे का नाही सांगत, असं विचारतात. ऐकायला ते आता वाईट नाहीत. पण त्या पैशांतला बराच भाग बॅटरी आणि रेडिओवर जातो, आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी दमली की वस्तू टाकून द्यावी लागते. रियाजात स्वतःचा आवाज माइकमधून घेऊन ऐकायचा तर तो उशिरा येतो आणि लय मोडते. फोनला वायरचं भोक नसेल तर चार्जिंगच्या भोकात लावायचा छोटा डोंगल घ्या, हजाराच्या आसपासचा पुष्कळ झाला. ॲपलचा डोंगल उत्तम आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज कमी येतो. आणि कृपा करून, दोन्ही कान बंद करून गाऊ नका. कान बंद केला की स्वतःचा आवाज हाडांतून येऊन आत घुमतो, आणि आपण नकळत सूर सोडतो. तानपुरा स्पीकरवर ठेवा, किंवा एक कान मोकळा.

जिन्यातल्या आजोबांकडे जुन्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेली गाणी आहेत, तीन-तीन मिनिटांची, आणि त्यानंतरच्या काळातल्या मैफिलींची काही ध्वनिमुद्रणं. त्यांना मी ई३००० दिला, चार दिवस वापरायला. वरची बाजू मऊ असल्याने खरखर मागे राहते आणि गाणं पुढे येतं. पाचव्या दिवशी ते वर आले आणि खुर्चीत न बसताच म्हणाले, "पोरी, त्या मारव्यात मागे दुसरा तानपुरा आहे का गं? मला आजवर एकच वाटत होता." आम्ही दोघांनी लावून बघितलं. होता. डाव्या बाजूला, अर्धा ठोका मागे. त्यांनी तोच इअरफोन मागवला. उजव्या कानाला मधली टोपी बसते, डाव्याला लहान.