रस्त्याचा नंबर बदलला की मोरी कुणाची?

इंग्लंडातल्या एका काउंटी कौन्सिलच्या रस्ते विभागात मी नेमकं काय करतो, हे बीड जिल्ह्यातल्या केजला घरी समजावून सांगणं अवघड जातं. डांबर टाकत नाही, रोलर चालवत नाही, बिलंही काढत नाही. रस्त्यांची माहिती सांभाळतो. आबा बांधकाम खात्यात मैलकुली होते, म्हणजे रस्त्याची रोजची देखभाल करणारे मजूर. फोनवर म्हणाले, "माहिती सांभाळायचा पगार देतेत व्हय रं? आमाला तर सगळं तोंडपाठ असायचं."

खरंच असायचं. कोणती मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, पहिल्या पावसात तुंबते, काळ्या रानातून जाणारा रस्ता कुठं खचतो, कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या कुठली साईडपट्टी खातात, सगळं डोक्यात. आबा रिटायर झाले आणि त्यांच्याबरोबर ती माहितीही घरी आली. खात्याकडं उरलं ते एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, लिहिलेलं काम. किती लांबी, किती रुंदी, किती जाडी. बिलापुरतं ते चोख असतं, पण एमबी कामानुसार उघडतात, रस्त्यानुसार नाही.

इथं गल्लीबोळासकट प्रत्येक रस्त्याला देशभरात एकच असा क्रमांक असतो. त्याला 'यूएसआरएन' (युनिक स्ट्रीट रेफरन्स नंबर) म्हणतात. रस्त्याची डागडुजी, दिव्याचा खांब, गटाराची जाळी, पाण्याच्या कंपनीनं खोदलेला चर, नागरिकाची तक्रार, सगळं त्या क्रमांकाला टांगलेलं. हे सांगितल्यावर आबा म्हणाले, "म्हंजे रस्त्याचं आधार कार्ड!" त्याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं.

आपल्याकडं रस्त्यांना नंबर नाहीत असं नाही. पण ते दर्जाला चिकटलेले असतात. इजिमा (इतर जिल्हा मार्ग) दर्जोन्नत होऊन प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग) झाला की नंबर नवा, अन् बऱ्याचदा रस्ता जिल्हा परिषदेकडून बांधकाम खात्याकडं जातो. जुन्या मोरीची फाईल मात्र जुन्याच कपाटात राहते. शिवाय प्रजिमांचे नंबर जिल्ह्यापुरते, म्हणजे तोच आकडा बीडमध्येही सापडेल आणि लातूरमध्येही. सोलापूर-धुळे रस्ता कागदावर राष्ट्रीय महामार्ग 52 झाला तरी जुनी माणसं त्याला 211च म्हणतात. त्यात आता उस्मानाबादचं धाराशिव झालं. नावं बदलायला हरकत नाही, त्याखालचा एक क्रमांक तेवढा कायम हवा. माझ्या मते बाकीची सगळी सॉफ्टवेअरं त्यानंतर.

इथली शिस्त सद्‍गुणातून आली असं कुणी समजू नये, ती दाव्यांच्या धाकानं आली. 1980च्या हायवेज ॲक्टच्या कलम 41 नुसार रस्ता नीट ठेवणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. खड्ड्यात गाडी आपटून कुणी भरपाई मागितली, तर कलम 58 खाली कौन्सिलला दाखवून द्यावं लागतं की आम्ही वाजवी काळजी घेतली होती. दाखवायचं कशानं? शेवटची पाहणी कधी झाली, काय दिसलं, दुरुस्ती कधी केली, त्या नोंदींनीच. नोंद नसेल तर तोंडी सांगून भागत नाही.

म्हणून पाहणीला गेलेला माणूस खड्डा नसला तरी 'गेलो होतो, खड्डा नाही' असं तारखेसह नोंदवतो. आपल्या तक्त्यांतला 'निरंक' आठवा. खड्डे निरंक म्हणजे रस्ता चांगला, की तिकडं कुणी फिरकलंच नाही? दोन्हीला एकच शब्द चालवला की वर्षभराचा तक्ता वाया गेला. गटाराच्या जाळीतही तेच. साफ करणारा ती किती भरली होती, पाव की अर्धी की तुडुंब, हेही लिहितो. दरवेळी तुडुंब भरणारीकडं लवकर जायचं, कोरडीकडं उशिरा. एवढ्याशा नोंदीवर गाडीच्या फेऱ्या ठरतात.

उलट, ज्या रकान्याचा उपयोग करणारं कुणी नाही तो रकाना ठेवूच नये. भरणाऱ्याला ते लगेच कळतं आणि मग तो सगळेच रकाने अंदाजानं भरतो.

खोदकामाचंही सांगतो. इथं रस्ता खोदायचा तर 2020 पासून 'स्ट्रीट मॅनेजर' या सरकारी प्रणालीत आधी नोंद लागते. बुजवलेल्या चराची हमी 2 वर्षं, खोल असेल तर 3. कुणी, कुठं, कधी खोदलं हे नोंदीत असल्यानं चर खचला की थेट त्याच कंपनीला बोलावतात. आपल्याकडंही पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांची 5 वर्षांची देखभाल ठेकेदाराकडंच असते. पण काम पूर्ण झाल्याची तारीख गावात कुणाला ठाऊक नसेल, तर त्या 5 वर्षांचा हिशेब मागणार कोण? फलक गंजतो, नाहीतर कुणीतरी त्यावर वाढदिवसाचं पोस्टर चिकटवतो.

एवढं करून इथले रस्ते गुळगुळीत आहेत का? नाहीत. खड्डे इथंही आहेत, लोक इथंही शिव्या घालतात, कारण नोंदीनं पैसा येत नाही. फक्त आहे तो पैसा आधी कुठं घालायचा, यावर भांडताना समोर कागद असतो.

चुलत भाऊ यंदा ग्रामपंचायतीत निवडून आलाय. त्याला सांगितलंय, ॲपबिप नको. एक रजिस्टर घे, प्रत्येक रस्त्याला एक पान. पाणंदही सोडू नको. काम पूर्ण झाल्याची तारीख, ठेकेदार, देखभालीची मुदत कुणी सांगत नसेल तर माहितीच्या अधिकारात माग. आणि पहिल्या पावसानंतर आबांना मोटारसायकलवर मागं बसवून मोऱ्या दाखवायला ने. त्यांना सगळ्या माहीत आहेत, लिहायचं काम तुझं.