आमची वाटचाल : बंद पडलेल्या प्रोग्रॅमपासून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत

आमचा धंदा सुरू झाला तो दुसऱ्यांचं निस्तरण्यातून. मूळ प्रोग्रॅमर सोडून गेलेला, कागदपत्रं नाहीत, सोर्स कोडचा पत्ता नाही आणि प्रोग्रॅम मात्र रोज चालायलाच हवा, अशी कामं आमच्याकडे यायची. मी आणि माझा भागीदार, दोघंच. समोर नसलेल्या माणसाने एखादी गोष्ट अशी का लिहिली असेल, हे त्याच्या कोडवरून ताडायचं, एवढंच आमचं भांडवल. गुन्ह्याच्या तपासाशी त्याचा संबंध येईल हे डोक्यातही नव्हतं.

पहिलं तसलं काम एका वकिलांकडून आलं. त्यांच्या अशिलाच्या सर्व्हरवरचा डेटा एका रात्रीत पुसला गेला होता. आम्ही दोन दिवसांत ती स्क्रिप्ट शोधून काढली, ती काय करते ते ओळीओळीने समजावलं, वीस पानी अहवाल दिला आणि स्वतःवर खूश झालो. समोरच्या बाजूच्या तज्ज्ञाने एकच प्रश्न विचारला : फाइल उघडली ती मूळ डिस्कवर की प्रतीवर? मूळ डिस्कवर. आमच्याच हाताने फाइलींच्या वेळा बदलल्या होत्या. वीस पानं तिथेच आडवी झाली.

राइट ब्लॉकर, म्हणजे डिस्क वाचू देणारं पण तिच्यावर काही लिहू न देणारं उपकरण, दुसऱ्या दिवशी मागवला. तेव्हापासून आधी डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत), मग हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा, एक अक्षर बदललं तरी तो बदलतो), मग कामाची प्रत, आणि मूळ डिस्क सीलबंद. हॅशही एसएचए-२५६ या पद्धतीचाच. एमडी५ या जुन्या पद्धतीत दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश काढून दाखवता येतो हे २००४ मध्ये आणि एसएचए-१ चं २०१७ मध्ये सिद्ध झालंय. उलटतपासणीत ते कुणीतरी काढतंच.

नव्या मुलांना मी सगळ्यात आधी १९९६ चं एक अमेरिकन प्रकरण शिकवतो. एका कारखान्याच्या सर्व्हरवरून उत्पादनाचे सगळे प्रोग्रॅम गेले, आणि तपासात हाती लागल्या सहा ओळी. पहिल्या ओळीत तारीख होती, ३० जुलै १९९६. ती उलटल्यावर जो पहिल्यांदा लॉगिन करेल त्याच्या हातून सगळं पुसलं जाणार. पुसण्यासाठी डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममधला डेलट्री, म्हणजे अख्खं फोल्डर आतल्या फाइलींसकट उडवणारा प्रोग्रॅम, वापरला होता, पण नाव बदलून ‘फिक्स’. एवढ्यावर भागलं नाही, तर पडद्यावर ‘डिलीटिंग’ऐवजी ‘फिक्सिंग’ दिसावं म्हणून प्रोग्रॅमच्या आतला मजकूरही बदलला होता. माझ्या मते सहा ओळींपेक्षा तो एक बदललेला शब्द जास्त बोलतो. तारीख चुकून राहू शकते, चाचणीचा कोड विसरून मागे राहू शकतो. पाहणाऱ्याला फसवण्यासाठी शब्द बदलणं चुकून होत नाही. कोडमधून हेतू सिद्ध करायचा तर असं काहीतरी शोधावं लागतं.

अडचण ‘काय केलं’ याची नसते, ‘कुणी केलं’ याची असते. ग्राहकाला नाव हवं असतं.

एका पगाराच्या प्रोग्रॅममध्ये एक अट सापडली : अमुक नंबरचा कर्मचारी पगाराच्या यादीतून गायब झाला की नोंदी पुसायच्या. तो नंबर ज्याचा, त्याला कामावरून काढलेलं. कमिटवर, म्हणजे कोडमधला बदल जमा केल्याच्या नोंदीवर, त्याचंच नाव. कंसांची मांडणी त्याची, आणि ‘रिसीव्ह’च्या स्पेलिंगमधली चूकही त्याच्या इतर फाइलींत जशीच्या तशी. अहवाल छापून सहीला आला होता. तेवढ्यात आमच्याकडे नुकतीच लागलेली मुलगी म्हणाली, “सर, ही चूक तर सगळ्यांच्याच फाइलींत आहे.” खरंच होती. ती एका जुन्या सामायिक लायब्ररीतून (तयार कोडच्या साठ्यातून) आली होती. टीममधला प्रत्येक जण तिथूनच उचलत होता. कंसांची मांडणी एडिटर आपोआप करत होता. आणि गिटमधलं, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातलं, नाव व तारीख तर कमिट करणाराच आपल्या मशीनवर हवी ती लिहू शकतो. उरला तो नंबर, पण तो टीममध्ये सगळ्यांना माहीत होता. सही केली नाही. सर्व्हरचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) मागवले, तेव्हा तो कोड ज्या खात्यावरून चढला ते खातं दुसऱ्याच कुणाचं तरी निघालं.

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक अहवालात एक परिच्छेद असतो : या कोडवरून काय सांगता येत नाही. त्यापायी दोन चांगले ग्राहक गेले. एकाने तर २०१५ च्या एका संशोधनाचा आकडा तोंडावर फेकला : २५० प्रोग्रॅमरांमधून कोडचा लेखक ९८ टक्के अचूक ओळखला, मग तुम्हालाच का जमत नाही? आकडा खरा आहे. पण तो स्पर्धेतला कोड होता, प्रत्येकाने एकट्याने लिहिलेला. ऑफिसातला कोड म्हणजे चार जणांनी ढवळलेलं भांडं.

शिवाय खुणा मुद्दामही पेरता येतात. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकवर हल्ला करणाऱ्या मालवेअरमध्ये (घातक प्रोग्रॅममध्ये) रिच हेडर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा लिंकर (कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारं साधन) फाइलीत मागे सोडतो तो साधनांचा ठसा, भलत्याच टोळीचा चिकटवला होता. ठसा जुन्या व्हिज्युअल सी++ ६ चा आणि आतला कोड नव्या साधनांनी बनलेला, म्हणून बनाव उघडा पडला. नीट जमवला असता तर?

छोट्या फर्मला दिलासा मिळाला तो २०१९ मध्ये. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने आपलं घिड्रा हे प्रोग्रॅम उलगडून वाचण्याचं साधन सगळ्यांना फुकट खुलं केलं. तोवर चांगला डीकंपायलर (तयार प्रोग्रॅमवरून वाचता येईल असा कोड बनवणारं साधन) आमच्या आवाक्याबाहेर होता. बऱ्याच बायनरी (मशीनसाठी तयार झालेल्या फाइली) आम्ही असेंब्लीतच, म्हणजे मशीनच्या एकेका आज्ञेच्या भाषेत, डोळे फोडून वाचल्या. अर्थात डीकंपायलरने दिलेला सी भाषेतला कोड हा आरोपीचा कोड नव्हे, तो साधनाचा अंदाज असतो. न्यायालयात दाखवताना शेजारी असेंब्ली ठेवतोच.

आता आम्ही सहा जण आहोत. “सर” म्हणून सही थांबवणारी मुलगी आज तपासाचं सगळं काम बघते. सध्या तिच्या टेबलावर असलेल्या फाइलीत नीटनेटक्या, एकसारख्या टिप्पण्यांचा कोड आहे, उघडच एआयकडून लिहवून घेतलेला, आणि मध्येच अकरा ओळी घाईच्या, टिप्पणी नसलेल्या. गेले तीन दिवस ती त्या अकरा ओळींवरच बसली आहे. नाव सापडलं का, असं ग्राहकाने कालही विचारलं.