तुम्ही विचारलंत म्हणून: विजेची जुनी भट्टी गॅसवर चालेल का?

गोव्यात मातीकाम करणारे बरेच जण हे विचारतात. कॉइल जळालेली, वरून झाकण उघडणारी भट्टी पडून असते, पावसात वीज सारखी जाते, मग ती गॅसवर का घेऊ नये? घ्या, पण बर्नरच्या आधी विटा तपासा.

जुन्या भट्ट्यांत बहुधा 23 दर्जाची हलकी इन्सुलेशन वीट असते. तिची मर्यादा साधारण 1260 अंश सेल्सिअस. कोन म्हणजे ठरावीक आचेला वाकणारा मातीचा छोटा सुळका, त्याच्या नंबरावर आच सांगतात. कोन 6, म्हणजे 1220 च्या आसपास, ती झेलते. कोन 10 ला पारा 1300 च्या जवळ जातो, तिथे ती आक्रसते आणि तडकते. कोन 10 चं रिडक्शन, म्हणजे हवा कमी ठेवून भाजणं, हवं असेल तर 26 दर्जाच्या विटांची नवी भट्टी बांधलेली बरी. आणि डिचोलीच्या कुंभारांसारखं लाल मातीचं काम असेल, तर ते 1000 अंशांच्या आसपास भागतं; त्यासाठी हा खटाटोप नकोच.

इलेक्ट्रिशियनकडून जोडणी मुख्य पुरवठ्यापासूनच काढून घ्या. कॉइल, पिना, वायरिंग, कंट्रोल बॉक्स सगळं उतरवा. कॉइल तशीच ठेवून रिडक्शन केलं तर तिच्यावरचा संरक्षक ऑक्साइडचा थर जातो आणि ती कुठल्याच कामाची राहत नाही. बाहेरचा स्टीलचा पत्रा आणि पट्टे मात्र घट्ट राहू द्या. विटा त्यांनीच धरलेल्या असतात.

खरं काम ज्योतीच्या वाटेचं. आतून 58 सेंमी व्यासाच्या भट्टीला तळाशी बाजूने 10 सेंमीचं बर्नरचं भोक आणि झाकणात 15 सेंमीचं धुराड्याचं भोक पुरतं. झाकणातल्या भोकावर भांडी ठेवायच्या तुटक्या शेल्फचा तुकडा सरकवला की डॅम्पर, म्हणजे धुराडं कमी-जास्त झाकायची झडप, झाला. शेल्फ 45 सेंमीचेच घ्या, म्हणजे भोवती ज्योतीला जागा राहते. खालचा शेल्फ 12 सेंमीच्या टेकूंवर उचला आणि भोकासमोर एक जड वीट उभी करा. ती नसेल तर समोरची भांडी जळतात आणि पलीकडची कच्ची राहतात. विटा कापताना, सिरॅमिक फायबर हाताळताना मास्क हवाच.

घरगुती रेग्युलेटरवर हे चालत नाही, दाब फार कमी असतो. उच्च दाबाचा रेग्युलेटर, गेज, नीडल व्हॉल्व्ह आणि थर्मोकपलवर चालणारा, म्हणजे ज्योत विझली की गॅस तोडणारा, सेफ्टी व्हॉल्व्ह एवढं लागतंच. एवढ्या भट्टीला पूर्ण आचेवर तासाला सुमारे दोन-सव्वादोन किलो गॅस जातो. एका 19 किलोच्या सिलिंडरमधून तेवढी वाफ सतत निघत नाही. तो गार पडून बाहेरून घामेजतो आणि दाब घसरतो. म्हणून दोन-तीन व्यावसायिक सिलिंडर एकत्र जोडा. प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्याने तपासा.

पेटवताना झाकण उघडं, आधी पेटता टॉर्च भोकाशी, मग गॅस. ज्योत विझली तर गॅस बंद करून दहा-पंधरा मिनिटं भट्टी मोकळी राहू द्या. भट्टी लालबुंद होईपर्यंत आपोआप पेटण्याचा भरवसा नसतो. पावसाळ्यात भांडी वरून कोरडी दिसतात, आत ओल असते, म्हणून रात्रभर छोट्या पायलटवर, म्हणजे बारीक ज्योतीवर, 90 अंशांखाली ठेवा. मोठा बर्नर इतका मंद धरवत नाही. 573 अंशांच्या आसपास क्वार्ट्झ फुगतो, तिथेही घाई नको. रिडक्शन 900 नंतर: डॅम्पर भोकावर थोडा पुढे सरकवा, भट्टीत डोकावायच्या छोट्या खिडकीतून बोटभर ज्योत बाहेर आली की पुरे. काळा धूर म्हणजे गॅसची नासाडी, वर तापमानही अडकून बसतं.

भट्टी चिऱ्यांच्या तीन भिंतींच्या मोकळ्या शेडमध्ये ठेवा, मंगलोरी कौलांखालच्या लाकडी वाशांपासून लांब. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. खोलगट जागेत सिलिंडर नको. खाऱ्या हवेने रेग्युलेटर गंजतो, तो दर पावसाळ्यानंतर तपासा. बर्नर पडून राहिला की कुंभारीण माशी जेटमध्ये माती भरते. बारीक तार घालून ते मोकळं करूनच पुढची भट्टी लावा.