कुठे लिहिलंय ते दाखव

‘दहावी’ हा शब्द ऐकला की आपल्या आईबापांच्या पोटात जो गोळा येतो, तो टोरंटोला उतरल्यावरही विरघळत नाही. टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये नव्याने आलेल्या मराठी घरांतून मला फोन येतात, त्यातला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, ही ओएसएसएलटी म्हणजे इथली एसएससी का?" नाही म्हटलं की दुसरा प्रश्न, "मग पोर्शन काय असतो?" पोर्शन नसतो म्हटलं की फोनवर शांतता. पोर्शन नसलेली परीक्षा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही पालकाला पटकन पचत नाही. मलाही पचायला वेळ लागला असता, पण मी पुण्यात बरीच वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलंय. समोर आलेला मजकूर काय म्हणतोय एवढंच बघायचं, आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेवायचं, ही सवय तिथे अंगात मुरली. ही परीक्षा निम्मी त्याच सवयीची आहे.

थोडक्यात सांगते. ओएसएसएलटी म्हणजे ओंटारियो सेकंडरी स्कूल लिटरसी टेस्ट, कॅनडातल्या ओंटारियो प्रांताची साक्षरता चाचणी. घेते ईक्यूएओ नावाची प्रांत सरकारची संस्था, जी १९९६ साली स्थापन झाली. परीक्षा दहावीत असते. हायस्कूलचा डिप्लोमा हवा तर ३० क्रेडिट (कोर्स पास केले की जमा होतात ती), ४० तास समाजसेवा आणि आणखी एकदोन अटींबरोबर ही साक्षरतेची अटही पूर्ण करावी लागते. आता सगळी परीक्षा संगणकावर असते, साधारण तासाभराची दोन सत्रं. उतारे वाचायचे, पर्याय निवडायचे, काही उत्तरं स्वतः लिहायची आणि एका विषयावर आपलं मत मांडणारा निबंध लिहायचा. नववीपर्यंतच्या सगळ्या विषयांत मिळून जेवढं वाचता-लिहिता यायला हवं, तेवढं येतं का, एवढंच त्यात तपासतात. निकाल २०० ते ४०० च्या पट्टीवर लागतो, ३०० ला पास. तो आकडा कुठल्या विषयाच्या गुणांत मिळवत नाहीत आणि ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे इथल्या गुणपत्रिकेवरही छापत नाहीत. तिथे फक्त अट पूर्ण झाली की नाही तेवढी नोंद असते. हे सांगितल्यावर एका वडिलांचा चेहरा अक्षरशः पडला. मुलाला ३९० पडले तर ते कुणाला सांगायचं, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

शनिवारी दुपारी आमच्या भागातल्या वाचनालयात या परीक्षेच्या सरावाला आम्ही बसतो. सुरुवात मराठी मुलांपासून झाली, आता गुजराती, पंजाबी, तमिळ, एक फिलिपिनो मुलगा, कोण कोण येतं. मराठी मुलं मला मावशी म्हणतात, म्हणून बाकीचीही मावशीच म्हणतात. फिलिपिनो मुलाला ते माझं नाव वाटायचं. फी वगैरे काही नाही. इथे या परीक्षेचे पैसे घेऊन चालणारे क्लास आहेत, पण माझ्या मते बहुतेक मुलांना त्यांची गरज नसते. ईक्यूएओच्या संकेतस्थळावर सरावाची चाचणी फुकट आहे. अडचण एवढीच, की ती दोनदा सोडवली की मुलांना उत्तरं पाठ होतात. पाठ करण्यात आपली मुलं जगात कुणाला हार जाणार नाहीत. म्हणून सरावाचे उतारे मीच लिहिते.

त्यातला एक उतारा बर्फ काढणाऱ्या गाडीच्या चालकावर आहे. रात्रीची पाळी, ठरलेले रस्ते, एका गल्लीत एकट्या राहणाऱ्या आजी पायरीवर त्याच्यासाठी कॉफीचा थर्मास ठेवतात. पहिल्या परिच्छेदात त्याच्या रस्त्यांची यादी आहे आणि त्यात आजींची गल्ली तिसरी येते. शेवटच्या परिच्छेदात तो त्या गल्लीत उजाडताना शिरतो, बाकीचे रस्ते संपवून, आणि इंजिन बंद करतो. खाली प्रश्न आहे: चालकाचं आजींशी नातं कसं बदललं, ते उताऱ्यातले तपशील देऊन सांगा.

गेल्या हिवाळ्यात नाशिकहून आलेल्या एका मुलाने यावर उत्तर लिहिलं. इंग्रजी स्वच्छ, एकही चूक नाही. मतितार्थ असा: चालक फार दयाळू आहे, दया हा मोठा गुण आहे, आपण सर्वांनी वृद्धांना मदत केली पाहिजे.

मी म्हटलं, "कुठे लिहिलंय ते दाखव."

"मावशी, तो दयाळू आहे हे कळतंच की."

"कळतं ना? मग कशावरून कळतं?"

त्याने उतारा परत वाचला. मग आणखी एकदा, या वेळी सावकाश. पडद्यावर बोट आधी यादीवर गेलं, मग खाली शेवटच्या परिच्छेदावर आणि परत वर. "अरे, गल्ली तर तिसरी होती. ही त्याने मुद्दाम शेवटी ठेवली."

"का?"

"मग पुढे जायची घाई नसते. थांबता येतं. म्हणून इंजिन बंद केलंय."

"हे लिही."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याचा विश्वासच बसेना. ‘आपण सर्वांनी’ने सुरू होणारं वाक्य नसेल तर उत्तर अर्धवट राहिलं असं त्याला वाटत होतं. यात त्याचा काय दोष? आपण मुलांना पहिलीपासून ‘या गोष्टीवरून काय बोध मिळतो’ विचारतो. बोध सांगितला की शाबासकी. गोष्टीत नेमकं काय घडलं, कुठल्या शब्दावरून कळलं, ते कोणी विचारत नाही. या परीक्षेत नेमकं तेच विचारतात. वाचनाचे प्रश्न तीन तऱ्हांचे असतात: जे सरळ लिहिलंय ते शोधा, जे लिहिलेलं नाही पण दिसतंय ते ओळखा, आणि वाचलेलं आपल्या माहितीशी जोडून अर्थ लावा. पहिल्या तऱ्हेत आपली मुलं पटापट निघतात. दुसऱ्या-तिसऱ्यात ती उतारा सोडून प्रवचनाला लागतात.

पर्यायांच्या प्रश्नांतही हाच सापळा असतो. चार पर्यायांत दोन ओळखीचे भाऊ असतात. एक जगात खरा असतो, दुसरा उताऱ्यात खरा असतो. मुलं जगातला निवडतात.

आता निबंध. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे आपली शाळा फारच आड येते. सातारची एक मुलगी आहे, तिथे वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं मिळवलेली. तिला मी विषय दिला, ‘हायस्कूलमध्ये असताना मुलांनी पार्ट-टाइम नोकरी करावी का?’ तिने पहिलंच वाक्य लिहिलं की प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात. मग फायद्यांचा परिच्छेद, मग तोट्यांचा परिच्छेद, आणि शेवटी कोणतीही गोष्ट प्रमाणात केली तर चांगली. आपल्याकडे या निबंधाला दहापैकी आठ मिळाले असते. विज्ञान शाप की वरदान, मोबाइल शाप की वरदान, टीव्ही शाप की वरदान, आपण सगळे याच साच्यातून निघालो आहोत. पण इथे प्रश्न तुझं मत काय असा असतो. तळ्यात-मळ्यात करून चालत नाही. कुठल्या बाजूला आहेस ते पहिल्या परिच्छेदात कळायला हवं, आणि पुढचं सगळं त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं. कुठली बाजू घेतली याचे गुण नसतात, बाजू किती नीट लावून धरली याचे असतात. तपासनीस दोन गोष्टी वेगवेगळ्या बघतात. विषय किती फुलवला ही एक, आणि शुद्धलेखन, विरामचिन्हं, वाक्यरचना ही दुसरी.

मी तिला विचारलं, "तुझं काय मत?"

"माझं?" असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. जणू हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

मग मी लॅपटॉप मिटायला लावला आणि म्हटलं, मराठीत बोल. इंग्रजी विसर, निबंध विसर, माझ्याशी भांड. मी म्हणते मुलांनी नोकरी करावी. स्वतःच्या पैशाची किंमत कळते.

झालं, बाई सुटली! तिचा आतेभाऊ कॉफीच्या दुकानात पहाटेच्या पाळीला जातो, पाचला उठतो, आणि पहिल्या तासाला गणितात पेंगतो. पगारातून त्याने बूट घेतले, त्या बुटांची किंमत त्याला कळली असेल, पण गणितात तो गेला त्याची किंमत कोण मोजणार? शिवाय मॅनेजर परीक्षेच्या आठवड्यातही पाळी बदलून देत नाही. मी मधेच म्हटलं, "पण घरात पैशाची गरज असेल तर?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तर फक्त शनिवार-रविवार. शाळेच्या दिवशी नाही." हे तिचं मत. हे आधीपासून तिच्याकडे होतं. लॅपटॉप उघडून तिने तेच इंग्रजीत उतरवलं, आतेभावासकट. पेंगणारा आतेभाऊ हा पुरावा असू शकतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटायचं पुरावा म्हणजे थोरामोठ्यांचं वचन. लिहून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "मावशी, आतेभाऊ नसता तर?" तुझा आतेभाऊ खरा आहे का हे बघायला कोणी घरी येत नाही, असं मी सांगितलं. मुद्रितशोधकाने असं सांगू नये, पण ते असो.

तेव्हापासून निबंधाच्या आधी मी प्रत्येकाला त्याच्या घरच्या भाषेत भांडायला लावते. तमिळ भांडण मला कळत नाही, तरी हातवाऱ्यांवरून मुद्दे मोजता येतात.

इथेच जन्मलेल्या मुलांची गोष्ट उलटी. ती फाडफाड इंग्रजी बोलतात, म्हणून आईवडील निर्धास्त. पण बोलतात तसंच लिहितात. वाक्य कुठे संपलं ते कळत नाही, स्वल्पविराम लावत लावत परिच्छेद संपतो. दोन वाक्यं योग्य प्रकारे जोडा, कुठलं वाक्य इथे बसत नाही ते ओळखा, असे प्रश्न नव्याने आलेली मुलं व्याकरणाच्या जोरावर सोडवतात आणि ही चाचपडतात. मी दोघांच्या जोड्या लावते. एकाने दुसऱ्याचं तपासायचं. नाशिककर इथल्या मुलाच्या लिखाणातले पूर्णविराम शोधतो, इथला त्याला सांगतो की कोणताही माणूस ‘इन धिस मॉडर्न एरा’ने बोलायला सुरुवात करत नाही.

टायपिंग हा वेगळाच ताप. मोत्यासारखं अक्षर असलेली मुलं कीबोर्डवर एका बोटाने ‘टी’ शोधत बसतात आणि तास निघून जातो. परीक्षा जवळ आलेल्या नव्या मुलाला मी सांगते, बाकी काही केलं नाहीस तरी चालेल, रोज अर्धा तास टाइप कर. तसं या परीक्षेचं आणि संगणकाचं जमायलाही वेळ लागला. ऑक्टोबर २०१६ मध्ये पहिल्यांदा प्रांतभर ऑनलाइन घ्यायला गेले, दीड लाखाच्या आसपास मुलं बसायची होती, आणि बाहेरून झालेल्या सायबर हल्ल्याने सगळी यंत्रणा कोलमडली. परीक्षा रद्द. महाराष्ट्रात पेपर फुटतो, इथे सर्व्हर फुटला, असं तेव्हा आमच्या शेजारचे आजोबा म्हणाले होते.

पालकांशी माझं खरं वाजतं ते पुढे ढकलण्यावरून. मूल नुकतंच आलं असेल, इंग्रजी अजून पुरेसं झालं नसेल, तर शाळा पालकांशी बोलून परीक्षा पुढे ढकलू शकते. जास्तीचा वेळ, वेगळी शांत खोली अशाही सोयी मिळू शकतात. मागायला हव्यात. पण आपल्याकडे ‘पुढे ढकलणं’ म्हणजे ‘ड्रॉप घेणं’, आणि ड्रॉप म्हणजे नातेवाइकांत तोंड दाखवायची चोरी. मुलाला सहा महिन्यांपूर्वी विमानातून उतरवलंय, त्याला अजून वर्गातल्या विनोदांवर हसावं कधी ते कळत नाही, आणि घाई आपल्याला! नापास झालं तरी वर्ष जात नाही. पुन्हा बसता येतं. तरी जमलं नाही तर शाळेत साक्षरतेचा एक कोर्स असतो, तो पास केला की अट पूर्ण आणि क्रेडिटही पदरात. माझ्या मते काही मुलांसाठी तो कोर्स परीक्षेपेक्षा कितीतरी चांगला आहे, कारण त्यात महिनोन्‌महिने कोणीतरी तुमचं लिहिलेलं वाचतं. हे बोलल्यावर एक आई माझ्यावर रागावली होती. अजून बोलत नाही.

पहिल्यांदा बसणाऱ्यांत साधारण पाचातले चार पास होतात, म्हणून ‘सोपी तर आहे’ असंही ऐकू येतं. पण नववीपासूनच मुलांना वरच्या आणि खालच्या पातळीच्या वर्गांत विभागत असत, तेव्हा खालच्या पातळीच्या इंग्रजीतली निम्म्याहून अधिक मुलं यात अडकायची. ती मुलं बहुतेक गरीब वस्त्यांतली असत, हे वेगळं सांगायला नको. माझ्याकडे त्याच वस्त्यांतली येतात.

यंदा मला मदतनीस मिळाली आहे. सातारची तीच मुलगी. आता अकरावीत आहे आणि तिला समाजसेवेचे ४० तास भरायचेत. लहानांचे निबंध तीच तपासते, आणि माझ्यापेक्षा कडक. परवा एका मुलाने ‘प्रत्येक नाण्याला’ एवढं लिहिलं, तिने पुढचं वाचलंच नाही. लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "मराठीत भांड." तो पंजाबी होता. मग पंजाबीत भांडला.