आमची वाटचाल : ‘बघतो’ हा शब्द सोडायला शिकवताना

आमची फर्म पाच जणांची. बँका आणि कारखान्यांसाठी संवादकौशल्याचे वर्ग घेता घेता आम्ही तुरुंगातल्या शिपाई, हवालदार, सुभेदार आणि तुरुंग अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे वळलो. राज्यातल्या तुरुंग अधिकाऱ्यांच्या मूळ प्रशिक्षणासाठी येरवड्याला दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय आहे. आमच्याकडे येतात ते नोकरीत मुरलेले लोक, तेही दोन दिवसांसाठी. विषय एकच: बंद्याशी म्हणजे कैद्याशी, त्याच्या घरच्यांशी आणि आपल्याच सहकाऱ्याशी कसं बोलायचं आणि कुठे थांबायचं.

सुरुवातीला आम्ही कारखान्यातलाच अभ्यासक्रम थोडा बदलून नेला. स्लाइड, देहबोलीची चित्रं, सकारात्मक विचार. तो साफ फसला. अर्धी बॅच रात्रपाळी करून थेट वर्गात बसलेली, जेवणानंतर डोळे उघडे राहायचे नाहीत. उदाहरणं सगळी ऑफिसातली. आणि शिपाई व जेलर एकाच खोलीत, त्यामुळे शिपाई तोंडच उघडायचा नाही. आता रात्रपाळी करून आलेल्याला वर्गात बसवायचं नाही, ही आमची पहिली अट असते. शिपाई-हवालदारांची बॅच वेगळी, अधिकाऱ्यांची वेगळी. शेवटचा अर्धा दिवस दोन्ही एकत्र. बॅच 24 ची, कारण सरावाला तिघांचा गट लागतो आणि 8 गटांपेक्षा जास्त गट दोन प्रशिक्षकांना नीट पाहता येत नाहीत. फी माणशी नाही, बॅचमागे घेतो. मनुष्यबळ इतकं अपुरं असतं की ऐन वेळी माणसं ड्यूटीवर परत बोलावली जातात आणि 24 ची 15 होतात. वर्ग गेटच्या आत असेल तर सामानाची यादी दोन प्रतींत आधीच द्यायची: किती मार्कर, किती तक्ते, किती कागद. कात्री न्यायची नाही, मोबाईल बाहेर ठेवायचा. जाताना यादीप्रमाणे मोजून सगळं बाहेर आणायचं. एक मार्कर कमी भरला तरी गेटवरच्या माणसाला त्याचं उत्तर द्यावं लागतं.

मराठीत वागणुकीचा प्रश्न पहिल्याच शब्दात येतो: तू की तुम्ही? पंचविशीतला शिपाई साठीच्या बंद्याला ‘ए, ऊठ’ म्हणतो तेव्हा बराकीतले बाकीचे सगळे ते ऐकत असतात. ‘तुम्ही म्हटलं की डोक्यावर बसतात’ ही हरकत प्रत्येक बॅचमध्ये येते, आणि ती खोटी नाही. तुम्ही म्हणताना लोक नकळत विनंतीच्या सुरात जातात: ‘जरा बसा ना’, ‘बसता का?’ प्रश्न विचारला की नाही म्हणायला जागा मिळते. म्हणून आम्ही हुकूम शिकवतो, पण मानाचा. ‘शिंदे, रांगेत बसा. गिनती सुरू आहे.’ (गिनती म्हणजे बंद्यांची मोजणी.) आडनाव, काम, कारण. दोन छोटी वाक्यं, आणि शेवटी आवाज खाली. मुंबई-ठाण्याकडे बराकीत हिंदीच जास्त चालते. तिथे ‘आप बैठिए’ कोणाच्याच तोंडात बसत नाही. नाव घेऊन ‘बैठ जाओ’ म्हटलं तर मानही राहतो आणि हुकूमही.

सरावात एक जण कर्मचारी, एक बंदी, एक निरीक्षक. प्रसंग सात मिनिटांचा, मग भूमिका बदलायच्या. निरीक्षकाच्या कागदावर पाचच रकाने: उभं राहण्याचं अंतर, हात, पहिला शब्द, ऐकून घेतलं का, शेवट काय सांगून केला. अंतर हात-दीड हाताचं, शरीर थोडं तिरकं, हात कमरेच्या वर आणि दिसते. दार अडवून उभं राहायचं नाही. समोरच्याला बाजूला व्हायला वाट हवी. खरे बंदी सरावाला आम्ही कधीच घेत नाही, ते योग्य नाही. बंद्याची भूमिका शिपाईच करतो आणि सगळ्यात जास्त तोच शिकतो. गिनतीसाठी सात मिनिटं उकिडवं बसून, समोरचा एकदाही आपल्याकडे न पाहता ‘ए’ म्हणतो, हे मांड्या भरून आल्यावर जितकं कळतं तितकं तक्त्यावरून कळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो ‘नाही’ म्हणायला शिकवण्यात. बंदी फोन मागतो, बराक बदलून मागतो, अर्जाचं काय झालं विचारतो. सवयीचं उत्तर असतं ‘बघतो’. बंदी त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतो, संध्याकाळपर्यंत वाट पाहतो आणि चिडतो तो पुढच्या पाळीच्या माणसावर, ज्याला यातलं काहीच माहीत नसतं. आम्ही नकाराचे तीन तुकडे पाठ करून घेतो: उत्तर, कारण, पुढची वेळ. ‘आज फोन मिळणार नाही. तुमचा वार गुरुवार आहे. गुरुवारी यादीत नाव नसलं तर मला सांगा.’ तिसरा तुकडा गाळला की पहिले दोन उद्धट वाटतात. आणि गुरुवारी खरंच यादी पाहिली नाही, तर तो शिपाई पुढचे सहा महिने काहीही बोलला तरी कोणी मानत नाही.

सचोटीचा भाग भाषणाने होत नाही. 1894 च्या कारागृह कायद्यापासूनच बंद्याशी खरेदी-विक्रीचा वा पैशाचा व्यवहार करायला मनाई आहे, मनाई असलेली वस्तू आत आणणं गुन्हा आहे, आणि हे सगळ्यांना माहीत असतं. माणूस अडकतो तो पायऱ्यापायऱ्यांनी. आधी मुलांची चौकशी, मग ‘साहेब, एवढाच निरोप घरी द्या’, मग तंबाखूची पुडी, आणि शेवटी ‘मागचं सांगू का वरती?’ म्हणून आम्ही पहिल्या पायरीवर थांबायला शिकवतो: निरोप मागितला त्याच दिवशी, पाळी संपण्याआधी, वरिष्ठाला सांगून नोंद करायची. पण नोंद करणाऱ्यावरच संशय घेतला गेला तर पुन्हा कोणी सांगत नाही. एकत्र अर्ध्या दिवसात अधिकाऱ्यांसोबत याच एका गोष्टीवर तासभर जातो.

वाईट बातमी देणं हा प्रसंग आम्ही नंतर घातला, आणि आधीच घालायला हवा होता. घरी कोणी गेलं तर बंद्याला बराकीबाहेर आणून बसवायचं, दोघांनी असायचं, आणि ‘तब्येत बरी नाही’ असं न म्हणता ‘तुमचे वडील वारले’ असं स्पष्ट सांगायचं. मग गप्प राहायचं. त्यानंतर पुढचा रस्ता: सिद्धदोष म्हणजे शिक्षा झालेला असेल तर अभिवचन रजेचा (पॅरोलचा) अर्ज, न्यायाधीन म्हणजे खटला चालू असलेला असेल तर न्यायालयाची परवानगी. जामीन फेटाळला जाऊन कोर्टातल्या पेशीवरून परतलेल्या बंद्याकडेही तसंच लक्ष हवं. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, किंवा तो नुसता गप्प राहिला, तर एकटं सोडायचं नाही, वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवायचं, नोंद करायची.

संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांतला 76 वा नियम तुरुंग कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात वाटाघाटी व मध्यस्थीने प्रसंग निवळवणं आणि बंद्यांच्या मानसिक गरजा ओळखणं घालायला सांगतो. ताज्या बदलाचं कारण मात्र सर्वोच्च न्यायालयाचा 3 ऑक्टोबर 2024 चा निकाल. तुरुंगात जातीवरून कामं वाटणं त्याने घटनाबाह्य ठरवलं आणि नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. सफाईचं काम वाटतानाचा प्रसंग आता सरावात आहे. ‘हे काम तुमच्याकडचेच करतात ना’ असं वाक्य निघालं की निरीक्षकाने तिथेच थांबवायचं.

कोण कसा वागला याचा नावानिशी अहवाल आम्ही अधीक्षकांना देत नाही. त्यामुळे काही कामं मिळाली नाहीत, पण ही अट सोडलेली नाही; नाव वर जाणार असेल तर वर्गात कोणी खरं बोलणार नाही. सहा आठवड्यांनी अर्धा दिवस पुन्हा जातो आणि एकच गोष्ट मागतो: पाळी बदलताना एकमेकांना काय सांगता ते इथे करून दाखवा. कोणाला काय कबूल केलंय, कोणाची पेशी झाली, कोण जेवला नाही. चावी हातात देण्याआधी हे तीन प्रश्न विचारले गेले का, तेवढंच आम्ही कागदावर लिहून घेतो.